दोन जिवांचं इंजिन

रेल्वेचं वेड रुळाशेजारी राहणाऱ्याला लागत नाही, त्याची नुसती झोपमोड होते. वेड लागतं ते रुळापासून लांब राहणाऱ्याला. आमचे तात्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादचे. गावात रेल्वे नाही, गाडी धरायची तर जालना गाठायचं. पण एसटी जरा उशिरा आली की तात्या कंडक्टरला विचारणार, "काय, सिग्नल नव्हता का?"

पाहुण्यांना गाडीत बसवायला तात्या हौसेनं येतात. बॅगा आमच्या हातात, आणि तात्या थेट फलाटाच्या टोकाला. ड्रायव्हरला हात करायचा, इंजिनाचा नंबर तळहातावर लिहून घ्यायचा, आणि गाडी हलल्यावर विचारायचं, "पाहुणे बसले ना?"

प्रवासात शेजारच्याची खैर नाही. पूर्वी मनमाडला डिझेल इंजिन काढून विजेचं लावायचे, तेव्हा लोक चहाला उतरत आणि तात्या कपलिंग बघायला. परत आले की, "आता इगतपुरीचं ऐका." तेव्हा मुंबईकडे १५०० व्होल्टची डीसी, पलीकडे २५ हजारांची एसी, म्हणून तिथंही इंजिनाची अदलाबदल. मग दोन्हींवर चालणारी डब्ल्यूकॅम इंजिनं आली. "पण ती नुसती विजेचीच. खरी गंमत न्यू जर्सीला!" न्यूयॉर्कच्या बोगद्यात डिझेलचा धूर चालत नाही, आणि बाहेर सगळीकडे तार नाही. म्हणून तिथं एएलपी-४५डीपी. टपावर पँटोग्राफ, पोटात दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी २१०० हॉर्सपॉवरची. तार संपली की डिझेल सुरू, प्रवाशानं जागचं हलायचं नाही. माँट्रियलनंही हीच घेतली. न्यू जर्सी कुठं आहे हे तात्यांना नकाशावर दाखवता येईल की नाही, शंकाच आहे. बोगदा मात्र पाठ.

पुण्यात इंजिनिअर असलेल्या भाच्याला हे सांगताना त्याचं लक्ष मोबाइलात. पारावर मात्र एका दमात काम झालं. "लाईट असली की मोटर, गेली की इंजिन. आपल्या विहिरीवर नाही का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाच म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग लाईट असली तरी डिझेलचं धूड वढतच न्यायचं?" तात्यांनी टोपी सारखी केली. "भरतंय खरं १३० टनांवर," म्हणाले, आणि विषय बदलला.

काकूंचं गाऱ्हाणं एकच, घरातला मिक्सर कोण बघणार? त्यावर तात्या म्हणतात, "त्यात बघण्यासारखं काय आहे? सिंगल फेज."

२०२४ च्या ऑगस्टमध्ये जालना-जळगाव मार्गाला मंजुरी मिळाली. १७४ किलोमीटर, आणि तोही भोकरदनवरून! तात्यांनी गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र तोंड उतरलेलं. नवा मार्ग म्हणजे पहिल्यापासून तार असणार. जालन्याला तर २०२३ च्या डिसेंबरातच वंदे भारत विजेवर धावली. मग दोन जिवांच्या इंजिनाला इकडं विचारतो कोण?

हल्ली जो पुढारी भेटेल त्याला तात्यांचं तोंडी निवेदन असतं, "तार टाका, आमची ना नाही. पण एक डिझेल जालन्याला उभं ठेवा म्हणावं. हसनाबादची लाईट तुम्हाला माहीत नाही."