अर्ध्या माणसाची खोली

स्लाऊमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला इंग्लंडच्या कायद्याने अर्धा माणूस ठरवलं आहे. मुलगा सहा फूट उंच, पुण्याचा इंजिनियर. पण त्याची खोली भरते साठ चौरस फूट, आणि तिथल्या घरांच्या कायद्यात 50 ते 70 चौरस फुटांची खोली अर्ध्या माणसाची धरतात. 70 ते 90 ला एक माणूस, 90 ते 110 ला दीड, त्यापुढे दोन. दाटी मोजायचं हे कोष्टक 1935 सालच्या कायद्यातून चालत आलेलं आहे. त्यात वर्षाच्या आतलं मूल मोजतच नाहीत, दहा वर्षांच्या आतलं अर्धं मोजतात आणि झोपायची जागा म्हणून बैठकीची खोलीही धरतात. एवढ्या सवलती देऊनही जे घर दाटीचं ठरेल, त्यात लोकांना श्वास आळीपाळीने घ्यावा लागत असणार.

गिरगावातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला हे कोष्टक लावून पाहिलं. दोन माणसं निघाली. आम्ही नऊ होतो. शिवाय डोळे तपासायला म्हणून कोकणातून आलेले आणि मग राहूनच गेलेले एक काका.

तर तिकडच्या दाटीवर उपाय म्हणून ब्रिटनने 23 जून 2016 रोजी सार्वमत घेतलं. कारणं इतरही होती, पण जत्रेत पिपाणी वाजत होती ती याची. युरोपीय संघातून बाहेर पडा, म्हणजे पोलंड-रुमानियाचे लोक यायचे थांबतील, मग घरं मोकळी होतील, भाडी उतरतील. पहिली पंगत उठली की दुसरी बसते, इतका सरळ हिशेब. मतदानाला आठवडा उरला असताना बाहेर पडण्याच्या बाजूचे पुढारी नायजेल फराज यांनी एका फलकापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. फलकावर माणसांची न संपणारी रांग आणि वर ‘ब्रेकिंग पॉइंट’. रांग स्लोव्हेनियातली होती आणि रांगेतले लोक युरोपबाहेरचे निर्वासित. संघातल्या ज्या मुक्त संचाराविरुद्ध मत मागणं चाललं होतं, त्याच्याशी त्यांचा संबंध एवढाच, की तेही चालत होते.

दुसऱ्या बाजूने अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी भीती घातली: बाहेर पडलात, तर दोन वर्षांत घरांच्या किमती 10 ते 18 टक्क्यांनी कमी राहतील. भाड्याच्या खोलीत तिशी ओलांडलेल्या पोरांना ही धमकी आहे, हे समजावणार कोण? आमच्या गल्लीत उद्या कोणी ओरडत आला, की मला मत दिलं नाहीत तर हापूस स्वस्त होईल, तर त्याचं डिपॉझिट जप्त करायला आम्ही सकाळी सातलाच रांग लावू.

51.9 टक्के लोकांनी बाहेरचा रस्ता धरला. किमती पडल्या नाहीत, चढल्या. म्हणजे धमकीसुद्धा खोटी निघाली.

भाच्याचे घरमालक सरदारजी सत्तरच्या दशकात जालंधरहून आले. माणूस लाखातला, रविवारी भाच्याला आग्रहाने पराठे वाढतात. त्यांनीही बाहेर पडायलाच मत दिलं. स्लाऊने एकूणच 54 टक्के मतं तशी दिली. सरदारजींचं म्हणणं असं, की पोलंडवाला बिनव्हिसा विमानातून उतरतो आणि माझ्या सख्ख्या पुतण्याला तीनदा नाकारतात. यात चूक काढता येत नाही. युरोपचा दरवाजा लागला की आपला उघडेल, करी-हॉटेलांना आचारी मिळतील, असं प्रचारात सांगितलंही जात होतं.

आणि उघडला की! 2021 पासून मुक्त संचार बंद झाला, त्याच वर्षी शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याची मुभा मिळाली, मग वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी व्हिसे निघाले. येणाऱ्यांतून जाणारे वजा करून जी भर उरते, ती सार्वमताच्या सुमारास साडेतीन लाखांच्या आत होती. 2023 मध्ये तिने नऊ लाख ओलांडले. आघाडीवर आपले भारतीय. भाचा त्याच लाटेवरचा. दाटी कमी व्हावी म्हणून सरदारजींनी मत दिलं आणि त्या मतातून जो आला, तो त्यांच्याच बॉक्सरूममध्ये राहतो. पुढे नियम आवळले आणि आकडा भराभर उतरला, हेही सांगायला हवं. भाच्याच्या भाड्याला मात्र ही बातमी अजून कळलेली नाही.

खरी मौज कोण गेलं आणि कोण आलं यात आहे. सार्वमताच्या काळात लंडनच्या बांधकामांवरचा चारातला एक कामगार संघाच्या इतर देशांतला होता. गेलेल्यांत गवंडी, सुतार, प्लंबर. आलेल्यांत विद्यार्थी, नर्सबाई, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे. सगळी गरजेची माणसं. पण यांतल्या कोणाला वीट रचता येत नाही आणि झोपायला जागा प्रत्येकाला लागते. स्लाऊच्या नगरपालिकेने 2013 मध्येच गावावरून विमान फिरवून उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने परसातल्या शेड तपासल्या होत्या, कुठे माणसं निजतात ते बघायला. सहा हजारांवर जागा संशयित निघाल्या. आपल्याकडे विमानाचा खर्च करावा लागत नाही. निवडणूक लागली की झोपड्या आपोआप मोजून होतात.

घरं का नाहीत, याची उत्तरं ब्रसेल्समध्ये कधीच नव्हती. थॅचरबाईंनी 1980 च्या कायद्याने नगरपालिकांची घरं भाडेकरूंना स्वस्तात विकायला काढली. आजवर वीस लाखांच्या आसपास गेली, बदल्यात बांधली त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतकी. शहरांभोवती हरितपट्टा, त्याला हात लावायचा नाही. हुजूर पक्षाने सत्तेच्या चौदा वर्षांत घरबांधणीचे सोळा मंत्री केले. त्यांना घर नको, लॉजच पुरे होतं. मायकेल गोव्ह यांची गोष्ट तर पाठ करून ठेवावी. 2016 मध्ये ते बाहेर पडण्याच्या मोहिमेचे सेनापती आणि 2021 मध्ये घरांचं खातं त्यांच्याच हाती. वर्षाला 3 लाख घरांचं लक्ष्य होतं. स्वपक्षाचेच खासदार ‘आमच्या गावात नको’ म्हणून उठले, तेव्हा 2022 च्या डिसेंबरात त्यांनी स्थानिक लक्ष्यांची सक्ती काढून टाकली. त्या खासदारांचे मतदार पोलिश नव्हते. मजूर पक्षाने नंतर येऊन पाच वर्षांत 15 लाख घरांचा विडा उचलला. विडा उचलायला गवंडी लागत नाही.

परवा भाच्याचा फोन आला. सरदारजींच्या घराशेजारी एक पब बंद पडलाय, त्याच्या पार्किंगच्या जागेत चाळीस फ्लॅट येणार आहेत. सरदारजींनी हरकतीचं पत्र लिहायला घेतलं. टाइप कोण करणार? भाचाच; प्रिंटरही त्याच्याच खोलीत, कारण बाकी घरात जागा नाही.

“मामा, पहिलंच वाक्य आहे: या भागात आधीच फार दाटी आहे.”

“मग केलंस टाइप?”

“करणार काय? समोर पराठे होते. वर म्हणाले, तूही सही कर बेटा, दोन सह्यांनी वजन पडतं.”

“केलीस?”

“केली. पण त्यांना म्हटलं, कायद्याने दीडच धरतील.”