हिरव्या रंगाची तरतूद

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने जमिनीचा वापर ठरविण्याचा अखत्यार नकाशाला बहाल केला. आणि १९७० साली स्थापन झालेल्या, नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोच्या अमलात, नेरूळच्या ज्या खारजमिनी आगरी शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून, भरतीच्या वेळी उघाडी (बांधातली पाणदारे) मिटून, पिढ्यान्‌पिढ्या भातासाठी खाडीपासून राखल्या होत्या, त्या सरकारदफ्तरी संपादित होऊन 'सेक्टर' या नामाभिधानाने कृतार्थ झाल्या. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या १९८४ च्या आंदोलनात पाच जीव गेल्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. त्यावर इमारत उगवते, भात नव्हे. नकाशात मात्र उद्यानांचा हिरवा रंग शाबूत आहे, तेव्हा हरितक्षेत्र नष्ट झाले असे म्हणण्याची कोणाची टाप आहे? शेत राखण्याचा नियम शेत शिल्लक असतानाच करावा लागतो, एवढेच नियोजनकारांस कळावे.