शंभर नंबरी पेट्रोल

शंभर ऑक्टेनचं पेट्रोल रोजच्या हॅचबॅकमध्ये भरणाऱ्या पुणेकराचा जाहीर सत्कार व्हायला हवा. साधं पेट्रोल ९५, हे १००. म्हणजे तब्बल पाच मार्क जास्त, आणि मार्कांच्या बाबतीत आपण कधी काटकसर केली आहे? ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नसतो, दाबाखाली इंधन अवेळी पेटू नये एवढ्यापुरताच असतो, असं अभियंते म्हणतात. म्हणोत बापडे. सिंहगड रोडच्या कोंडीत, पहिल्या गिअरवर, लिटरला दीडशेच्या वर मोजलेलं हे पेट्रोल खरोखरच अवेळी पेटत नाही. पेटतो तो मागचा रिक्षावाला. महापालिकेने आता अशा गाड्यांसाठी प्रीमियम खड्ड्यांची स्वतंत्र लेन आखावी. बाकी, गाडीला ९१ ऑक्टेनही पुरतं हे कंपनीने मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, अजून सीलबंद.