दुसऱ्या मात्रेचा मान

रॉक संगीताचा संसार चार मात्रांचा. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. त्यावर गिटारचे तीन-चार कॉर्ड, बास गिटारची खालून चाललेली गुरगुर, पुन्हा पुन्हा तोंड दाखवणारी एखादी लहानशी सुरावट, जिला ते लोक रिफ म्हणतात, मग कडवं, आणि मग सगळ्यांनी मिळून घसा मोकळा करावा असं ध्रुपद. एवढ्याशा भांडवलावर कित्येक पिढ्यांच्या पोरांनी आपापल्या आईबापांची दुपारची झोप उडवलेली आहे. इथे आरोह-अवरोहाची पथ्यं नाहीत, वर्ज्य स्वरांचे सोवळेपण नाही. सगळा हिशेब असा उघड्यावर मांडलेला की लपवायला कुणापाशी काही नाही. तरी या उघड्या हिशेबातली एक नोंद मला नेहमी गमतीची वाटत आली आहे. यात वजन पहिल्या मात्रेवर पडत नाही. ते पडतं दुसरीवर आणि चौथीवर.

आपण समेची माणसं. पहिल्या मात्रेचा मान पहिलीला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तीनतालाच्या सोळा मात्रांत गवई हवा तिकडे भटकून येवो, परतताना त्याचं पाऊल नेमकं समेवर पडलं की समोरच्या सगळ्या माना एकदम लवतात आणि चार अनोळखी माणसं एकमेकांकडे पाहून नातेवाइकांसारखी हसतात. नवव्या मात्रेवर टाळी नसते, तिला खाली म्हणतात, पण तिथेही आपण हात हवेत उलटा करून तिची दखल घेतो. रॉकच्या तालात पहिल्या मात्रेवर पायाने वाजवायचा मोठा ड्रम ‘धम्’ म्हणतो, दुसरीवर काठीखालचा स्नेअर ड्रम ‘टाक्’ म्हणतो. तिसरीवर धम्, चौथीवर टाक्. धम् पोटात जाऊन बसतो, पण मान हलते ती टाक् झाल्यावर. या टाक्‌ला बॅकबीट म्हणतात. पहिली मात्रा बिचारी सगळ्यांच्या आधी येऊन बसते आणि सत्कार होतो तो मागून आलेल्या दुसरीचा.

हे सगळ्यांच्या अंगी सहज उतरतं असंही नाही. लष्करी कवायतीच्या आणि प्रार्थनागीतांच्या तालात वाढलेला गोरा श्रोता हमखास एकवर आणि तीनवर टाळ्या पिटतो, आणि मंचावरच्या वादकांच्या चेहऱ्यावर दाढ दुखत असल्याचे भाव उमटतात. हॅरी कॉनिक ज्युनिअर या अमेरिकन गायक-पियानोवादकाच्या एका मैफलीचं चित्रीकरण आहे. श्रोते मोठ्या उत्साहाने भलत्याच मात्रांवर टाळ्या देत आहेत. त्याने गाणं थांबवलं नाही, कुणाला हात करून अडवलं नाही. वाजवता वाजवता त्याने गुपचूप एक मात्रा जास्तीची घातली, चाराच्या जागी पाच केल्या, आणि टाळ्यांची लय जराही न मोडता सगळं सभागृह अलगद दोन आणि चारवर येऊन उभं राहिलं. मागे बसलेल्या ड्रमरने आनंदाने हात उंचावले. श्रोत्यांना कशाचाच पत्ता नाही. ते आपले त्याच निष्पाप उत्साहाने टाळ्या देताहेत. इतक्या सभ्यपणे कुणी कुणाला सुधारल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. माणसं आहेत तिथेच राहिली, त्याने त्यांच्याखालची जमीन तेवढी सरकवली.

पण दुसऱ्या मात्रेत असं आहे तरी काय? मला याचं उत्तर संगीताच्या पुस्तकात नव्हे, आजीच्या अंथरुणाशी सापडलं. आजी गोष्ट सांगायची तेव्हा तिची एकच अट असे: हुंकार द्यायचा. ‘एक होता राजा.’ हं. ‘त्याला होत्या दोन राण्या.’ हं. ‘एक आवडती, एक नावडती.’ हं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची, मग राजा शिकारीच्या वाटेवर असो की लग्नाच्या बोहल्यावर. माझा एक मावसभाऊ झोपेतही हुंकार द्यायचा. आजीला त्याचा संशय होता. ती मधेच आवाज न बदलता म्हणायची, ‘मग राजाने घोड्याला तोंडीलावणं म्हणून खाल्लं.’ हं. आम्ही बाकीचे उशीत तोंड खुपसून हसायचो आणि ती गोष्ट तिथेच मिटून ठेवायची. तिचं म्हणणं, ऐकणारा नसेल तर राजाने जगून तरी काय करायचं. पुढे कधीतरी रॉकचा ठेका नीट कान देऊन ऐकला तेव्हा वाटलं, हे तर तेच आहे. धम्, एक होता राजा. टाक्, हं. मोठा ड्रम सांगतो, स्नेअर हुंकार देतो. गोऱ्यांच्या बँडमध्येही आजी बसलेली आहे, फक्त इथे हुंकाराचा आवाज गोष्टीपेक्षा मोठा आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये हा हुंकार आधीपासून होता. उपदेशक एक वाक्य टाकतो, समोरचे त्याला साद देतात, आणि टाळ्या पडतात त्या दोन आणि चारवर. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझमध्येही ड्रमर बॅकबीट वाजवत, पण राखून राखून, शेवटच्या आवर्तनात सगळी वाद्यं एकदम उसळतात तेव्हा. अर्ल पामर नावाच्या ड्रमरने तो गाण्याच्या सुरुवातीपासूनच वाढायला घेतला. डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या रॅम्पार्ट स्ट्रीटवर, कोझिमो मटासा यांच्या दुकानामागच्या खोलीत फॅट्स डॉमिनोचं ‘द फॅट मॅन’ ध्वनिमुद्रित झालं, आणि त्यात पामरचा टाक् पहिल्यापासून अखेरपर्यंत आहे. हा पामर लहानपणी रंगमंचावर टॅप डान्स करायचा. ताल त्याच्या तळव्यांतून वर आलेला. पुढे लिटल रिचर्डच्या गाजलेल्या गाण्यांमागेही तोच होता. नाव मात्र पुढे उभं राहून गाणाऱ्यांचं झालं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००० साली साथीदारांसाठी वेगळा विभाग काढला, तेव्हा पहिल्याच तुकडीत पामरला मान मिळाला. आपल्याकडे शाहिरामागे उभं राहून ‘जी जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्यांसाठी असा विभाग कुणी काढल्याचं ऐकिवात नाही; पण ते ‘जी जी’ वगळून पोवाडा म्हणून पाहावा, शाहीर भर सभेत एकटाच भांडत असल्यासारखा दिसेल.

एकेकाळी सांगणारा आणि हुंकार देणारा ही दोन वेगळी माणसंच होती. बँडमध्ये मोठा ड्रम एकाच्या गळ्यात, स्नेअर दुसऱ्याच्या. १९०९ मध्ये अमेरिकेत लुडविग बंधूंनी मोठ्या ड्रमसाठी पायाने चालणारं सुबक पेडल बाजारात आणलं आणि दोघांचं काम एकाच माणसाला बसल्या जागी सोपं झालं. पुण्याच्या गणपतीच्या मिरवणुकीत ढोल आणि ताशा अजून वेगवेगळ्या गळ्यांत असतात, म्हणून तिथे गोष्ट कुणाची आणि हुंकार कुणाचा हे उघड दिसतं. रॉकचा ड्रमर मात्र पायाने स्वतःच बोलतो आणि हाताने स्वतःच ‘हं’ म्हणतो. एकलकोंड्या माणसांची ही सोय इतक्या मोठ्या आवाजात दुसऱ्या कुणी केलेली नाही.

स्नेअर या वाद्याचा स्वभावही पाहण्यासारखा आहे. त्याच्या खालच्या पडद्याला बारीक तारा ताणून बसवलेल्या असतात. काठी वर पडते आणि खाली तारा थरथरतात, त्यातून तो चरचरीत टाक् निघतो. या तारा इतक्या हळव्या की शेजारी बास गिटारचा एखादा खर्ज स्वर घुमला, तर काठी न लागताही त्या कुजबुजू लागतात. तालमीच्या खोलीत सगळे गप्प असताना बासवाला एकटाच काही वाजवत बसतो आणि कोपऱ्यात ठेवलेला स्नेअर आपणहून त्याला ‘हं, हं’ करत राहतो. ड्रमर वैतागून खटका फिरवतो आणि तारा सैल करतो. मला तो खटका थोडा निर्दय वाटतो. न विचारता हुंकार देणारं या जगात आहे किती?

हुंकार द्यायचा म्हणजे नुसतं ‘हं’ म्हणून भागत नाही. तो कधी पडतो यावर सगळं आहे. १९६५ साली मेम्फिसच्या एका जुन्या सिनेमा थिएटरात थाटलेल्या स्टॅक्स स्टुडिओत विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’ची जुळवाजुळव चालली होती. निर्माता जेरी वेक्सलर, पन्नाशीला टेकलेला. ठेक्यात काय हवं ते त्याला कळत होतं, सांगता येत नव्हतं. तेव्हा हा गृहस्थ उठला आणि त्या काळी तरुण मुलं करत तो ‘जर्क’ नावाचा नाच सगळ्यांसमोर करून दाखवू लागला. ड्रमर अल जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर यांनी त्या नाचातून नेमकं ते उचललं: दुसरी मात्रा किंचित मागे रेंगाळते. मग त्यांनी टाक् वाजवला तो पापणी लवायच्या वेळेइतका उशिरा. त्या उशिराने गाण्याला जी ऐट आली ती आजही उतरलेली नाही. लगेच आलेला हुंकार म्हणजे कर्तव्य. जरा थांबून आलेला हुंकार म्हणजे बोललेलं आत पोचलं.

रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सची तऱ्हा याहून सोज्वळ. स्नेअरवर काठी पडायच्या क्षणी त्याचा उजवा हात झांजेवरून वर उचलला जाई. दोन्ही हात एकदम वाजवता येत असताना तो एकाला थांबवी, टाक्‌ला वाट मोकळी करून देई. जिन्यात समोरून कुणी वडीलधारं आलं की आपण अंग चोरतो तसं. जगातल्या दंगेखोर म्हणून नाव काढलेल्या बँडच्या मागे, १९६३ पासून २०२१ मध्ये जाईपर्यंत, हा नीटनेटक्या सुटातला मूळचा ग्राफिक डिझायनर बसलेला होता. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात मुक्काम पडे तिथल्या पलंगाचं तो रेखाचित्र काढून ठेवत असे. पुढे हजारोंचा गलका, आणि त्यामागे रात्री खोलीत जाऊन गुमान पलंग रेखाटणारा माणूस. पलंगाला तरी दुसरं कोण हुंकार देणार होतं?

कधी कधी हुंकार राहूनही जातो. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला रॉनेट्सच्या ‘बी माय बेबी’च्या वेळी हॅल ब्लेन ड्रमवर होता. तो पुढे सांगायचा की काठीने ऐनवेळी दगा दिला, दुसऱ्या मात्रेवरचा टाक् हुकला आणि एकदम चौथीवर पडला. धम्, धम-धम, टाक्. त्याचं शहाणपण असं की पुढे प्रत्येक आवर्तनात त्याने तसंच वाजवलं. आता ती रिकामी दुसरी मात्रा पॉप संगीतातली सगळ्यात ओळखीची जागा होऊन बसली आहे. आपल्या तबलजींनी हे ऐकून मिशीत हसावं. खालीची किंमत त्यांना ब्लेनच्या पणजोबांच्या आधीपासून ठाऊक आहे. न आलेला हुंकारही मोजायचा असतो.

सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या एका निवासी शाळेत फारूख बलसारा नावाचा झांझिबारहून आलेला पारशी मुलगा शाळेच्या ‘हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवायचा. फ्रेडी मर्क्युरी झाल्यावर त्याच्या क्वीन बँडने १९७७ साली ब्रायन मे याने रचलेलं ‘वी विल रॉक यू’ काढलं. त्यात ड्रम नाहीतच. लाकडी फळ्यांवर दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी द्यायची; पाय पहिल्या मात्रेत, टाळी दुसरीवर. खगोलभौतिकीचा अभ्यासक असलेल्या मेने आवाजांमधली अंतरं हिशेबाने बसवून मूठभर लोकांची मोठी गर्दी भासवली. त्यानंतर मैदानंच्या मैदानं ते करू लागली. एकवर टाळी देणारा कितीही अरसिक असो, इथे त्याला चुकताच येत नाही, कारण एकवर त्याचे पाय गुंतलेले असतात. ज्या श्रोत्यांना हुंकार कुठे द्यायचा कळत नव्हतं त्यांच्याकडे अखेर तेच काम सोपवलं गेलं, आणि त्यांनी ते आनंदाने पार पाडलं.

रॉकला बंडखोरांचं संगीत म्हणतात. असेल. मला मात्र ते ऐकणाऱ्यांचं संगीत वाटतं, ज्यात सांगणाऱ्याहून ऐकणाऱ्याला जागा जास्त आहे. अलीकडे आपले हुंकार पहिल्या मात्रेवर सरकले आहेत. बोलणाऱ्याचं तोंड उघडतं न उघडतं तोच मोबाइलवरची नजर न काढता आपण ‘हं, हं’ म्हणून मोकळे होतो, माझ्या मावसभावासारखे. पूर्वी न्यू जर्सीहून मावशीचा फोन यायचा तेव्हा असं करण्याची सोय नव्हती. तिचं वाक्य जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर टांगलेल्या उपग्रहाला शिवून आमच्याकडे उतरायचं, आईचं ‘हं’ त्याच वाटेने परत जायचं, आणि मधल्या अर्ध्या सेकंदात मावशी तिकडे थांबून राहायची. तिकडच्या भाजीचे भाव, शेजारणीचं कुत्रं, थंडी; सांगण्यासारखं फारसं नसायचंच. मिनिटामिनिटाला डॉलर मोजायची ती बहुतेक त्या उशिरा येणाऱ्या ‘हं’साठी; बोलणं काय, ते तर तिचंच होतं.