पाहिजेत: फिजिक्सचे सर, अंडरपास ओलांडून येणारे

जून लागला की पुनावळ्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टींसाठी धावाधाव सुरू होते: पाण्याचा टँकर आणि फिजिक्सचे सर. टँकर उशिरा का होईना, येतो.

सरांसाठीचा मेसेज साधारण असा असतो: ‘अर्जंट. अकरावी सायन्स, जेईई प्लस सीईटी प्लस बोर्ड. फिजिक्सचे होम ट्यूटर हवेत. अनुभवी. आयआयटीयन असल्यास उत्तम. घरी येणारे. फी वाजवी.’ पाच मिनिटांत उत्तरं सुरू होतात. पहिलं ‘आम्हालाही’. दुसरं ‘प्लस वन’. तिसऱ्याला स्वयंपाकाच्या मावशी हव्या असतात आणि त्यालाही नेमका हाच मुहूर्त सापडतो. चौथे काका वाकडच्या कुठल्याशा क्लासचं पोस्टर टाकतात. त्यावर हसऱ्या मुलांचे फोटो आणि प्रत्येकाच्या गळ्याखाली पर्सेंटाइल. ॲडमिन म्हणतात, ‘कृपया जाहिराती नकोत.’ सरांचा नंबर कुणीच देत नाही. ज्याच्याकडे असतो तो तर मुळीच देत नाही, कारण पुनावळ्यात चांगल्या सरांचा नंबर झाकल्या पार्किंगइतकाच जिवापाड जपला जातो.

खरी गंमत मेसेज वाचणाऱ्यांची आहे. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या या गावात आज जिकडे बघावं तिकडे टॉवर, आणि टॉवरमध्ये जिकडे बघावं तिकडे इंजिनिअर. एका बाजूला हिंजवडीचं आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला पिंपरीचं टाटा मोटर्स, पलीकडे चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या निम्म्या माणसांनी कधीकाळी फिजिक्सच्या पेपरात घसघशीत मार्क मिळवलेले असतात. त्या मार्कांवर कॉलेज, कॉलेजवर नोकरी, नोकरीवर कर्ज आणि कर्जावर तो थ्री बीएचके उभा आहे. तरीही मुलीने जेवताना ‘बाबा, टॉर्क म्हणजे नक्की काय हो?’ असं विचारलं की सगळं घर एकदम आमटी वाढून घ्यायला लागतं.

चाकणला गिअरबॉक्सच्या लाइनवर असलेले बाबा दिवसभर टॉर्कचंच खातात. कुठला बोल्ट किती न्यूटन-मीटरवर आवळायचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण पुस्तकातला टॉर्क समोर आला की ते चष्मा पुसतात आणि म्हणतात, ‘आमच्या वेळी हे वेगळं होतं.’ न्यूटनचे नियम मध्यंतरी बदलले, ही माहिती मुलीला नवीन असते. आयटीतले बाबा त्याहून प्रामाणिक. ते सरळ चॅटजीपीटी उघडून देतात. आईने इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी. ई. केलेलं असतं. सेमीकंडक्टरचा धडा तिला येणारच, अशी घरातल्या सगळ्यांची खात्री असते. तिची स्वतःची तेवढी नसते.

पुणे परिसरात फिजिक्सचा दुष्काळ आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. पाषाणला २००६ पासून आयसर आहे. चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावकडे गेलं की खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आभाळाकडे कान लावून बसल्या आहेत. म्हणजे या टापूत पल्सारची टिकटिक ऐकणारी माणसं मिळतात; प्रोजेक्टाइल शिकवणारा मिळत नाही. आयुका उभारणारे जयंत नारळीकर तर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न विचारा, उत्तराखाली सही करून पाठवतो. केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञ फ्रेड हॉईलबरोबर काम केलेला माणूस एका पोस्टकार्डाच्या किमतीत होम ट्यूशन देत होता. मे २०२५ मध्ये ते गेले. पुनावळ्यातल्या आजच्या पालकाने त्यांना आधी विचारलं असतं, ‘सर, टेस्ट सिरीज आहे का?’

कारण पालकांनाही हिशेब पक्का ठाऊक असतो. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तेवढ्यात गॅलिलिओला झुंबराकडे नीट बघताही आलं नसतं. बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकात १६ प्रकरणं. त्यांत चक्रीय गतीपासून सेमीकंडक्टरपर्यंत सगळं आलं. जेईईवाल्यांना वर एच. सी. वर्मांचे दोन खंड आणि शेल्फवर शोभेला इरोडोव्ह. अशा मुलाला सर हवेत ते उत्तरापर्यंत आडवाटेने नेणारे. ती आडवाट ज्यांना येते, ते सर महाग. ज्यांना सरळ वाट येते, ते कुठेतरी कोडिंग करत बसलेले.

तरी एखाद्या रविवारी एक सर डेमो द्यायला तयार होतात. दहाची वेळ ठरते. सर पावणेअकराला येतात, कारण ते राहतात हायवेच्या पलीकडे आणि मध्ये गाड्यांनी तुंबलेला अंडरपास. पोहे येतात. डायनिंग टेबलवर वही उघडली जाते आणि सर उतारावरून गडगडत येणाऱ्या वस्तूंचं गणित काढतात. ‘हे बघ, सॉलिड स्फिअर टू बाय फाइव्ह, डिस्क हाफ, रिंग वन. छोटा आकडा आधी पोहोचतो. संपलं. प्रश्न आला की वाचायचंही नाही, टिक करायचं.’

मुलगी विचारते, ‘पण सर, वजन कितीही असलं तरी?’

‘कितीही.’

‘का?’

सर घड्याळाकडे बघतात. ‘ते ॲडव्हान्स्डच्या वेळी बघू.’

साताऱ्याहून आलेली आजी इतका वेळ शेंगा सोलत बसलेली असते. ती उठते, पोळपाटाच्या एका कडेखाली डबी सरकवते आणि हातातली काचेची बांगडी उभी धरून नातवाच्या गोटीबरोबर एकदम सोडते. गोटी खाली पोहोचते तेव्हा बांगडी चार बोटं मागे असते. मग आजी एक लहान आणि एक मोठी गोटी सोडते. दोन्ही बरोबरीने येतात. बांगडीचं सगळं वजन कडेला. तिची पुष्कळशी ताकद नुसतं फिरण्यातच जाते, पुढे सरकायला कमी उरते. गोटीचं वजन आतपर्यंत भरलेलं, म्हणून ती पुढे. वस्तू जड झाली की ओढ वाढते आणि हलायचा आळसही तेवढाच वाढतो, म्हणून वजन हिशेबातून कटतं, आकारमानाचंही तसंच. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. सर पोळपाटाकडे कौतुकाने बघतात आणि म्हणतात, ‘मस्त. पण परीक्षेला पोळपाट नेऊ देत नाहीत.’

डेमो पास होतो. सर ५४ सेकंदांत बसणारे निघाल्याचा आईला आनंद होतो.

फिजिक्सचे सर चुटकीसरशी मिळाल्याचं एक उदाहरण मात्र या देशात आहे. ५ मे २०२४ च्या नीट परीक्षेत अणूंवर एक प्रश्न आला: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात, हे विधान बरोबर की चूक? एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाप्रमाणे बरोबर, नव्याप्रमाणे चूक. ज्यांच्या घरी थोरल्या भावाचं जुनं पुस्तक होतं त्यांचं काय, असा पेच पडला आणि परीक्षा घेणाऱ्यांनी दोन्ही उत्तरांना मार्क देऊन टाकले. ७२० पैकी ७२० मिळवणारे एकूण ६७ जण निघाले; त्यांतल्या ४४ जणांना हा प्रश्न पावला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने २२ जुलैला आयआयटी दिल्लीला सांगितलं, तीन तज्ज्ञ नेमा आणि उद्या दुपारी बारापर्यंत उत्तर कळवा. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर: चौथा पर्याय, विधान चूक. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतातच. आयआयटीयन, अनुभवी, एका दिवसात आणि तीनतीन! पुनावळ्यातल्या पालकांनी ही बातमी निकालासाठी वाचली, पण हळहळ वाटली ती सरांच्या नेमणुकीच्या वेगाची. या आणि इतर दुरुस्त्यांनंतर यादी आली तेव्हा पैकीच्या पैकीवाले १७ उरले.

सरकारही या शोधात मागे नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या, म्हणजे दहावीही न झालेल्या मुलाला प्रवेश नको. प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक चौरस मीटर जागा हवी. शिकवणारा किमान पदवीधर हवा. रँकची हमी देऊ नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने भर घातली की यशस्वी मुलाचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये आणि तो नेमका कुठला कोर्स शिकला हेही सांगावं. म्हणजे दीड दिवसाच्या रिव्हिजनला येऊन गेलेला पोरगा फ्लेक्सवर ‘आमचा दोन वर्षांचा विद्यार्थी’ होऊ नये. उत्तम नियम आहेत. आठवीची ‘फाउंडेशन बॅच’ १६ वर्षांच्या नियमात कशी बसते, एवढं मात्र फ्लेक्सवर छापायला जागा उरत नाही. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो नियम सर्वत्र कडक पाळला जातो.

या सगळ्या धामधुमीत एका माणसाकडे कुणाचंच लक्ष जात नाही. त्याने फिजिक्समध्ये एम. एस्सी. केलंय, वर बी. एड. केलंय. मुलीचं नाव ज्या कनिष्ठ महाविद्यालयात आहे तिथे टॉर्क शिकवण्यासाठीच त्याला नेमलंय, आणि त्याच्या पगाराचा खर्च तिच्या फीत किंवा आईबाबांच्या करात आधीच वसूल झालेला आहे. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात त्याचं कॉलेज मिळावं म्हणून घराने रात्रभर वेबसाइट रिफ्रेश केली होती. प्रवेश मिळाला त्या दिवसापासून मात्र त्याच्या वर्गात बसायचं नाही, हेही घरातच ठरलं. कारण कॉलेज ‘इंटिग्रेटेड’: नाव कॉलेजचं, शिकवणं क्लासचं. क्लासच्या बॅचमध्ये शंका विचारायला वेळ नाही, म्हणून घरी वेगळे सर. घरच्या सरांचं कळत नाही तेव्हा यूट्यूब. एका टॉर्कसाठी तीन ठिकाणी मोजायचं, आणि जिथे आधीच मोजलंय तिथे फिरकायचं नाही.

२०१८ मध्ये राज्य सरकारने यावर बायोमेट्रिक हजेरीचा उतारा काढला. मशीनने अंगठा मोजला. अंगठ्यामागच्या मुलाला वर्गात कुणी काही शिकवतं का, हे मोजायची सोय तिच्यात नव्हती. मग येतं प्रॅक्टिकल. बोर्डाच्या फिजिक्समध्ये लेखीला ७० मार्क आणि प्रॅक्टिकलला ३०. मीटर ब्रिज, सोनोमीटर, झेनर डायोड ही नावं जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात असतात. वाचनं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून येतात. त्यामुळे पिंपरी-चिंचवडमध्ये तारेचा रोध पिढ्यानपिढ्या दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत तोच राहिला आहे. इतकी स्थिर तार कुठल्याही प्रयोगशाळेला सापडलेली नाही.

पुनावळेकर गप्प बसणारे नाहीत. २०२३ मध्ये कचरा डेपोच्या विरोधात ते लहानथोरांसह रस्त्यावर उतरले. पाण्यासाठी, खड्ड्यांसाठी, अंडरपाससाठी महापालिकेला निवेदनं जातात. कॉलेजात फिजिक्सचा तास होत नाही म्हणून मोर्चा निघाल्याचं मात्र ऐकिवात नाही. निघणार तरी कसा? मोर्चाच्या वेळी मुलं क्लासला आणि पालक त्यांना सोडायला.

बाजाराने आपला कौल दिलेलाच आहे. प्रयागराजच्या अलख पांडे यांनी यूट्यूबवर फिजिक्स शिकवत उभी केलेली ‘फिजिक्सवाला’ ही कंपनी १८ नोव्हेंबर २०२५ ला शेअर बाजारात उतरली. १०९ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच सकाळी १४० च्या वर उघडला. पुनावळ्यातल्या ज्या बाबांना अर्ज करूनही शेअर लागले नाहीत ते हळहळले. ज्यांना लागले त्यांनी विकून त्या पैशात मुलीच्या टेस्ट सिरीजचा एक हप्ता भरला. फिजिक्सच्या शिकवणीतून त्या घरांत पैसा आल्याची ही पहिलीच वेळ.

दरम्यान, डेमोवाले सर ठरले. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे साडेपाच ते सात. अंडरपास रिकामा असतो ती हीच वेळ. सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये त्यांची नोंद करायला आई बसली, तेव्हा यादीत ‘शिक्षक’ हा प्रकारच नव्हता. शेवटी दूधवाले आणि गाडी पुसणारे यांच्यामध्ये ‘डेली हेल्प’ म्हणून सरांचा फोटो चढला. महिनाअखेरीस ॲपने विचारलं, सेवा कशी वाटली? आईने पाचपैकी चार तारे दिले आणि खाली शेरा लिहिला, ‘फिजिक्स चांगलं घेतात. केमिस्ट्री घेत नाहीत. कुणाकडे केमिस्ट्रीचे सर आहेत का? अर्जंट.’