टेपचं दुसरं टोक

जालन्यात वकील उदंड आहेत. पण वकिलाच्या मागे आकडे घेऊन उभी राहणारी मंडळी थोडी, आणि ती शोधायची तर कोर्टाच्या आसपास एखाद्या झेरॉक्सच्या दुकानावरून वर जाणारा अरुंद जिना चढावा लागतो. वर एक खोली, फडक्यात बांधलेल्या फायलींची चळत, जुना प्रिंटर आणि दारावर पाटी : शासनमान्य व्हॅल्युअर. कर्मचारीवर्ग म्हणाल तर साहेब, टायपिस्ट आणि टेप धरणारा पोरगा.

बॉस्टनमध्ये हाच धंदा करणारी चार्ल्स रिव्हर असोसिएट्स नावाची कंपनी १९६५ साली निघाली. तिथे नामांकित प्राध्यापक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याच्यासाठी नुकती पदवी घेतलेली पोरं रात्र रात्र आकडे घोटतात. आमच्याकडे वाद मोसंबीचा, एवढाच फरक.

धरण येतं, रस्ता येतो, सरकार जमीन घेतं आणि मावेजा देतं. तो कमी आहे याबद्दल गावात कधी दुमत नसतं. मग वाढीव मावेज्यासाठी दावा : जुन्या १८९४ च्या कायद्यात कलम १८, २०१३ च्या नव्या कायद्यात कलम ६४. निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्यात परतूरकडची शिवारं गेली, समृद्धी महामार्ग बदनापूर आणि जालना तालुक्यांतून गेला, आता जालना-नांदेड महामार्गावरून आंदोलनं झाली. म्हणजे जिना चढणाऱ्यांची वर्दळ काही थांबत नाही. शिवाय जुन्या कायद्याचं कलम २८-अ असं खुबीचं, की एकाचा वाढीव निकाल लागला की कोर्टात न गेलेला शेजारीही तीन महिन्यांच्या आत तसाच मोबदला मागू शकतो. तोवर ज्याने दावा करणाऱ्याला वेड्यात काढलेलं असतं, तोच जिन्यावर सगळ्यांच्या पुढे.

कोरडवाहू जमिनीचं काम सोपं. आजूबाजूची खरेदीखतं काढायची आणि भाव लावायचा. खरा रंग चढतो तो मोसंबीला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण कोर्टात मानांकन चालत नाही, झाड मोजावं लागतं. सहा बाय सहा मीटरवर लागवड धरली तर हेक्टरी २७७ झाडं. वर्षाचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि आठाने गुणायचं. आठाच्या वर जाऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हरियाणाच्या गुरचरण सिंग प्रकरणात बजावलं आहे. आठ हा आकडा असा पक्का झाल्यावर सगळी ओढाताण उरते ती झाडाच्या वयावर आणि फळांच्या संख्येवर. मोसंबी साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फळावर येते. म्हणून सरकारी कागदात बाग नेहमी कोवळी असते आणि शेतकऱ्याच्या तोंडी ऐन भरातली.

आता टेप धरणारा पोरगा. हा दहावीनंतर इथे आला. ओळीच्या एका टोकाला साहेब सावली बघून उभे राहतात, दुसऱ्या टोकाला हा. झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून खोडावर चुन्याचं बोट ओढतो, खोडाचा घेर घेतो, मर दिसली की थांबतो. मागून शेतकरी, "आरं, हे वाळलेलं बी धर, गेल्या साली चारशे फळं दिली त्यानं." पोरगा साहेबांकडे बघतो. साहेब आभाळाकडे. वाळलेल्या झाडाचं काय करायचं हे ठरतं खोलीवर, टायपिस्टच्या टेबलाशी.

टायपिस्टच्या संगणकात एक वाक्य कायमचं वस्तीला आहे : "सदर बाग निरोगी, जोमदार व पूर्ण बहारात आढळून आली." २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड लावून सरपण केलं. त्या वाक्याच्या पानाला मात्र झळ लागली नाही. व्याजही टायपिस्टला तोंडपाठ : जुन्या कायद्यात दिलासा रक्कम तीस टक्के, पहिल्या वर्षी नऊ टक्के व्याज, पुढे पंधरा. दावा लांबला की झाड कधीच पाण्याखाली गेलेलं असतं, व्याज तेवढं वाढत राहतं.

या फुगवट्याचा मला फारसा राग येत नाही. एक बाजू बाग कोवळी लिहीत असेल तर दुसरी तिला भरात आणणारच, आणि दोन्हींना थोडं थोडं कापायची सवय न्यायाधीशांनाही झालेली असते. शास्त्र मोठं असलं म्हणून यातून सुटका नाही. मायक्रोसॉफ्टवरच्या गाजलेल्या खटल्यात अमेरिकन सरकारकडून फ्रँकलिन फिशर उभे राहिले आणि कंपनीकडून रिचर्ड श्मालेन्सी. दोघेही एमआयटीचे अर्थतज्ज्ञ, आणि दुसरा पहिल्याचा विद्यार्थी. एकाच बागेत दोन व्हॅल्युअर उतरले तर आपण उगाच नाकं मुरडतो.

मला खटकतं ते वेगळं. तज्ज्ञाचं मत पुराव्यात घ्यायची सोय जुन्या पुरावा कायद्यात कलम ४५ ने होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ ने आहे. उलटतपासाला सही करणारा उभा राहतो. सरकारी वकील विचारतो, "झाडं तुम्ही स्वतः मोजली?" साहेब घसा साफ करून म्हणतात, "माझ्या देखरेखीखाली मोजण्यात आली." त्या वाक्यात पोरगा गडप होतो. बाहेर पायरीवर फायलींची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असतो तो, आणि कितवं झाड वाळलेलं होतं हे अख्ख्या आवारात त्यालाच ठाऊक असतं. त्याला कोणी हाक मारत नाही. बहुधा दोन्ही वकिलांना तेच बरं वाटत असावं.

तेव्हा व्हॅल्युअर साहेबांना विनंती, अहवालात तुमच्या सहीच्या वर 'मोजणी करणारा' म्हणून त्या पोराचं नाव घाला. आणि बागवाल्यांनो, मोजणीदार बांधावर यायची वाट बघू नका. ई-पीक पाहणीत या हंगामाला बागेची नोंद फोटोसकट स्वतः करून ठेवा. सात-बारावर न चढलेलं झाड मागाहून उभं करणं टायपिस्टलाही जड जातं.