भिंतीकडची खुर्ची

आमचं लग्न व्हावं असं आम्हा दोघांना सोडून सगळ्यांना वाटतं. ‘किती सारखे आहात रे!’ ही त्यांची शिफारस. आता पत्रिका जुळवणाऱ्या कुठल्याही गुरुजींना विचारा. छत्तीस गुणांपैकी आठ एकट्या नाडीचे, आणि दोघांची नाडी एकच निघाली की आठच्या आठ बाद. सारखेपणा हा दोष आहे, हे पंचांगवाल्यांना केव्हाच कळलंय. मित्रमंडळींना अजून कळायचंय. आमची एकनाड आहे, आणि तीही विनोदी ललितलेखाची.

हॉटेलात गेलो की पहिला तंटा खुर्चीचा. लिहिणाऱ्या माणसाची पाठ भिंतीला आणि तोंड गिऱ्हाइकांकडे हवं, म्हणजे कोण कोणावर डाफरतंय ते टिपता येतं. ती खुर्ची दोघांनाही हवी. शेवटी दोघंही भिंतीला टेकून शेजारी शेजारी, समोरच्या खुर्च्या रिकाम्या. वेटर दर वेळी विचारतो, ‘अजून कोणी यायचंय का?’ एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सोयच नाही. तेवढी फुरसतही नाही म्हणा.

एकदा शेजारच्या टेबलावर एक जोडपं दबक्या आवाजात भांडत होतं. बाई म्हणाल्या, ‘तुमच्याशी भांडायचं तरी वेळ ठरवून यावं लागतं.’ मी टेबलाखाली वही उघडली. बाजूनेही पान उलटल्याचा आवाज आला. कोणी काही बोललं नाही. दिवाळीत दोन अंकांत दोन लेख आले, वाक्य एकच. ‘माझं वाक्य चोरलंस’ हे सांगायला दोघांनी एकाच वेळी फोन लावले, त्यामुळे दोघांनाही बराच वेळ एंगेज लागला. वाक्य त्या बाईंचं, हा मुद्दा कोणाला सुचलाच नाही.

मग मी धीर करून तिला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. ते परत आलं. समासात मुद्रितशोधनाच्या खुणा, दोन विशेषणांवर काट, ‘व्याकुळ’भोवती लाल गोल, आणि तळाशी शेरा: ‘शेवट आटोपता घे.’ शेऱ्याचा राग आलाच. तो बरोबर होता याचा जास्त आला. (तिच्या शेऱ्यांमधल्या चुका मी उलट टपाली कळवल्या.)

आई अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचं उदाहरण देते. दोघंही लेखक, दोघंही संमेलनाध्यक्ष; ते १९५८ साली मालवणला, त्या १९६१ साली ग्वाल्हेरला. दोघांच्या पत्रांचं तर ‘कुसुमानिल’ हे पुस्तकच झालं. उदाहरण बिनतोड आहे. पण अनिलांचा प्रांत कविता, कुसुमावतींचा मुख्यतः कथा आणि समीक्षा. मध्ये बांध होता. आमचा सातबारा एकाच गटाचा. शिवाय आमच्यात १९५८ कोणाचं आणि १९६१ कोणाचं, यावरून आधीच वाजलंय.

तिचं उदाहरण वेगळं: मार्था गेलहॉर्न आणि अर्नेस्ट हेमिंग्वे. लग्न १९४०, घटस्फोट १९४५. ज्या ‘कॉलियर्स’साठी ती युद्धवार्ता लिहायची, त्याचीच वार्ताहरकी नवऱ्याने १९४४ मध्ये पटकावली. ही बया रुग्णवाहू जहाजाच्या संडासात लपून नॉर्मंडीला पोचली आणि किनाऱ्यावर उतरली. हेमिंग्वेला मात्र होडीतूनच परत फिरावं लागलं. ‘वाचायला छान आहे,’ ती म्हणाली, ‘पण मला संडासात लपायचं नाहीये.’ यावर काय बोलणार? मी ते टिपून घेतलं. तिनेही.

यंदा एका संपादकांनी ‘तुमचं का जमलं नाही’ यावर माझ्याकडे लेख मागितला. तिच्याकडे दुसऱ्या अंकाने मागितलाय, विषय हाच. संडासाचं वाक्य तिच्याही लेखात असणार, आणि या खेपेला हक्काने असणार. तेव्हा वाचकहो, दोन्ही अंक विकत घ्या, पण आधी हा वाचा.